केळीची बाग, जळगावचे गाळे आणि फॅमिली ट्रस्ट

प्रश्न थोडक्यात असा आहे. कुटुंब यावल तालुक्यातलं. आप्पांचं वय ७१. २२ एकर बागायत, बहुतेक केळी. जळगावात दोन गाळे भाड्याने दिलेले. दाल मिलच्या भागीदारी फर्ममध्ये आप्पा आणि थोरला मुलगा दोघांचा वाटा. थोड्या ठेवी, आईचं बऱ्यापैकी सोनं. दोन भाऊ, एक बहीण सुरतला दिलेली. धाकट्या भावाच्या ९ वर्षांच्या मुलाला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी. एका गुंतवणूक सल्लागाराने सांगितलं, "सगळं फॅमिली ट्रस्टमध्ये टाका. टॅक्स शून्य, वाटणीचं भांडण नाही, बँकसुद्धा हात लावू शकत नाही." थोरल्या भावाने विचारलंय की हे कितपत खरं, कर किती लागेल, हिशेब कोण आणि कसा ठेवणार, आणि कारभार शेवटी कोणाच्या हातात राहणार.

दादा, माझं उत्तर आधी सांगतो, कारणं नंतर. ट्रस्ट जरूर करा, पण छोटा, आणि फक्त त्या नातवासाठी. शेत त्यात घालू नका. दाल मिलचा वाटा तर मुळीच नको. गाळे आज नको, मृत्युपत्राने जाऊ द्या. आणि ‘टॅक्स शून्य’ हे शब्द ज्याने वापरले त्याला विचारा, की ट्रस्टचं विवरणपत्र तो स्वतः सही करून भरणार आहे का.

एक गैरसमज आधी दूर करतो, कारण माझ्याकडे येणारे निम्मे लोक तो घेऊनच येतात. आपल्याकडे ट्रस्ट म्हटलं की देवस्थान, शाळा, धर्मादाय आयुक्त, चेंज रिपोर्ट (विश्वस्त वगैरे बदलल्याचा अहवाल) हेच डोळ्यांसमोर येतं. ते सगळं सार्वजनिक विश्वस्त संस्थांसाठी, १९५० च्या राज्य कायद्याखाली. कुटुंबापुरता खासगी ट्रस्ट, म्हणजे मालमत्ता ट्रस्टींच्या हाती आणि फायदा ठरवलेल्या लाभार्थ्याचा, चालतो तो १८८२ च्या भारतीय न्यास अधिनियमाखाली. त्याची नोंद धर्मादाय आयुक्तांकडे होत नाही आणि धर्मादाय संस्थांना मिळणारी करसवलतही त्याला मिळत नाही. नुसता पैसा, शेअर, सोनं असेल तर नोंदणीकृत दस्ताचीही सक्ती नाही. स्थावर मिळकत आत घालायची असेल तर मात्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेला दस्त किंवा मृत्युपत्र, हे दोनच मार्ग.

आता एकेक मालमत्ता घेऊ.

शेत. महाराष्ट्र कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९४८ हा जुन्या मुंबई राज्याच्या भागाला लागू, म्हणजे खानदेशालाही. त्याच्या कलम ६३ प्रमाणे बिगरशेतकऱ्याच्या नावे शेतजमिनीची विक्री, बक्षीस, अदलाबदल, भाडेपट्टा जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय वैध नाही. ‘अमुक कुटुंब ट्रस्ट’ हा शेतकरी कसा, हे तलाठ्याला पटवता पटवता फेरफार अडकतो, आणि पुढे एखाद्या नाराज वारसाने हरकत घेतली की सगळा व्यवहारच वादात सापडतो. शिवाय व्यवहाराची बाजू बघा. विकास सोसायटीचं पीककर्ज, केळीचा हवामानावर आधारित फळपीक विमा, पीएम किसान, सगळं सातबाऱ्यावरच्या नावाला चिकटलेलं. बागेत सीएमव्ही हा विषाणूरोग आला किंवा वादळाने घड आडवे झाले, की पंचनाम्याला नाव कोणाचं हाच पहिला प्रश्न. त्यासाठी ट्रस्टची कागदपत्रं घेऊन तहसीलच्या पायऱ्या कोण चढणार? नंदुरबारकडच्या वाचकांसाठी हेही सांगून ठेवतो, की आदिवासी खातेदाराची किंवा भोगवटादार वर्ग २ ची (सरकारी अटींवर धारण केलेली) जमीन असेल तर परवानग्या आणखी कडक आहेत.

शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाहीच, तेव्हा तिथे वाचवायलाही काही नाही. शेतासाठी महसूल अधिनियमाच्या कलम ८५ ची वाटणी किंवा आप्पांचं मृत्युपत्र पुरेसं आहे.

पण त्याआधी एक अवघड प्रश्न: शेत आणि गाळे खरंच आप्पांचे एकट्याचे आहेत का? सल्लागारांच्या चकचकीत पुस्तिकेत हा प्रश्न नसतो. आजोबांनी घेतलेली जमीन वडिलोपार्जित म्हणून आली असेल, किंवा गाळा एकत्र कुटुंबाच्या पैशातून घेतला असेल, तर त्यात मुलांचा आणि मुलीचाही जन्मसिद्ध हक्क आहे. २००५ च्या दुरुस्तीने मुलगी मुलाबरोबरीची सहदायाद (एकत्र मालमत्तेतली जन्मापासूनची वाटेकरी) झाली आणि सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात सांगून टाकलं, की त्यासाठी वडील २००५ साली हयात असण्याची गरज नाही. कर्त्याने, म्हणजे कुटुंबप्रमुखाने, एकत्र कुटुंबाची स्थावर ‘प्रेमापोटी’ बक्षीस देणंही चालत नाही, हे त्याच न्यायालयाने २०२२ मध्ये पुन्हा बजावलं. म्हणजे सुरतच्या ताईंना न विचारता, किंवा "तिने तर हक्कसोड दिल्यातच जमा आहे" असं गृहीत धरून केलेला ट्रस्ट हा ट्रस्ट नसून पुढच्या दाव्याची तयारी आहे. हक्कसोडपत्र झालेलं असेल तर नोंदवलेली प्रत काढा. झालेलं नसेल तर नाही असं धरून चाला.

दाल मिल. फर्ममधला वाटा ट्रस्टला देता येत नाही असं नाही, ट्रस्टी प्रतिनिधी म्हणून भागीदार होऊ शकतो. पण भागीदारीत जबाबदारी अमर्याद असते. मुलाच्या औषधपाण्याचे पैसे आणि तूर-हरभऱ्याच्या बाजारातली जोखीम एका थैलीत का ठेवायची? त्यात ट्रस्टने स्वतः धंदा केला तर त्या नफ्यामुळे ट्रस्टचं सगळंच उत्पन्न सर्वोच्च दराच्या कचाट्यात येतं. वाटे ट्रस्टच्या दस्तात (डीडमध्ये) ठरलेले असोत की नसोत, फरक पडत नाही. अपवाद एकच आहे, तोही अरुंद: अवलंबून असलेल्या नातेवाइकासाठी मृत्युपत्राने केलेला एकमेव ट्रस्ट.

गाळे. इथे मुद्रांक शुल्क आडवं येतं. राहतं घर किंवा शेत आप्पांनी थेट मुलाला, मुलीला, नातवाला बक्षीस दिलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये. गाळा ही व्यापारी मिळकत, त्यामुळे ती सवलत नाही, पण जवळच्या नात्यात ३ टक्क्यांचा दर आहे. हीच मिळकत खासगी ट्रस्टच्या नावे केली की ती नात्याची सवलत हातची जाते आणि खरेदीखताच्या दराने शुल्क लागतं. म्हणजे रेडी रेकनरच्या (सरकारी दरतक्त्याच्या) मूल्यावर शहरात ५-६ टक्के. ५० लाखांच्या गाळ्यावर अडीच-तीन लाख नुसते कागदाला. उलट मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क लागतच नाही. म्हणून म्हटलं, आज ट्रस्ट स्थापन करा आणि आप्पांनी मृत्युपत्रात लिहावं की अमुक गाळा माझ्या पश्चात त्या ट्रस्टला जावा. गाळ्याचं भाडं आप्पांच्या हयातीत आप्पांनाच लागणार आहे, तेव्हा घाई तशीही नाही.

सोनं. जळगावच्या माणसाला सोन्याबद्दल मी काय शिकवणार! पण दोन गोष्टी. आईचं सोनं हे स्त्रीधन, ते आप्पांचं नाही. द्यायचं तर आईने स्वतः, स्वतःच्या सहीने द्यायचं. दुसरी, झडतीच्या वेळी विवाहित स्त्रीचं ५०० ग्रॅम, अविवाहितेचं २५० आणि पुरुषाचं १०० ग्रॅमपर्यंतचे दागिने जप्त करू नयेत ही जी १९९४ ची सूचना सगळ्यांना तोंडपाठ आहे, ती कुटुंबातल्या व्यक्तींसाठी आहे. ट्रस्टच्या लॉकरमधल्या सोन्याला तिची ढाल मिळेल असं धरू नका. तिथे प्रत्येक डागाचा उगम कागदावर लागतो. माझा कल असा, की सोनं आत घ्यायचंच असेल तर आईने मोडून त्याचे पैसे द्यावेत. मोड करताना भांडवली नफा आईच्या हाती मोजला जाईल. २००१ पूर्वीचं सोनं असेल तर १ एप्रिल २००१ चं बाजारमूल्य खरेदी किंमत म्हणून धरता येतं, आणि २४ महिन्यांहून जास्त जवळ असलेल्या सोन्यावर २३ जुलै २०२४ पासून कर १२.५ टक्के, महागाई निर्देशांकाचा फायदा नाही. मोड पावती, वजन, टंच (शुद्धता) आणि पैसे बँकेतूनच. रोख नको.

आता तो सापळा, ज्यासाठी हे उत्तर एवढं लांब लिहायला घेतलं.

तुम्ही, म्हणजे थोरले काका, पुतण्यासाठी दहा लाख रुपये ट्रस्टमध्ये घालायचं म्हणताय. मन मोठं आहे, पण कायद्याचा शब्द बघा. ५० हजारांवर मोबदल्याशिवाय पैसे मिळाले की घेणाऱ्याचं ते उत्पन्न धरलं जातं. नातेवाइकाकडून मिळाले तर माफ. काकाने पुतण्याला थेट दिले तर माफ, कारण वडिलांचा भाऊ हा पुतण्याचा ‘नातेवाईक’. ट्रस्टसाठी मात्र सवलत वेगळी लिहिली आहे: देणारी व्यक्ती, आणि ट्रस्ट केवळ ‘त्या व्यक्तीच्या नातेवाइकाच्या’ फायद्यासाठी. इथे नातं देणाऱ्याच्या बाजूने मोजायचं. आणि देणाऱ्याच्या बाजूच्या यादीत पती-पत्नी, भाऊ-बहीण, आईवडिलांचे भाऊ-बहीण, मुलं-नातवंडं, त्यांचे जोडीदार हे सगळे आहेत, पुतण्या नाही. पुतण्याला काका नातेवाईक, काकाला पुतण्या नाही. घरात कोणाला पटणार नाही, पण आयकराच्या व्याख्येत असंच आहे. म्हणजे तुमचे दहा लाख ट्रस्टचं करपात्र उत्पन्न ठरू शकतात.

वाट आहे. आप्पा आणि आई यांनी दिलं तर नातू हा थेट वंशज, अडचण नाही. धाकट्या भावाने स्वतःच्या मुलासाठी दिलं, अडचण नाही. तुम्हाला द्यायचंच असेल तर मृत्युपत्राने ट्रस्टला द्या, मृत्युपत्राने मिळालेलं या तरतुदीतून पूर्ण बाहेर आहे. किंवा पुतण्याच्या स्वतःच्या नावे थेट बक्षीस द्या. सवलत ‘व्यक्ती’कडून मिळालेल्या रकमेला आहे, हेही विसरू नका. हिंदू एकत्र कुटुंबाच्या (एचयूएफच्या) खात्यातून, फर्मच्या खात्यातून ट्रस्टमध्ये चेक गेला की सवलत संपली. मी अशा फायली बघितल्यात, जिथे डीड उत्तम, पण पहिलाच मोठा चेक एचयूएफच्या चेकबुकातून फाडलेला.

कराकडे येऊ. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ चा आयकर कायदा जाऊन २०२५ चा कायदा लागू झाला, कलमांचे आकडे बदलले. ट्रस्टच्या करआकारणीचा गाभा तोच आहे.

सगळं एका प्रश्नावर फिरतं: लाभार्थी कोण आणि त्याचा वाटा किती, हे डीडमध्ये स्पष्ट लिहिलंय का? लिहिलं असेल तर ट्रस्टी हा लाभार्थ्याचा प्रतिनिधी म्हणून कर भरतो, आणि लाभार्थ्याला स्वतःला जेवढा लागला असता तेवढाच. नसेल, म्हणजे ‘ट्रस्टींना योग्य वाटेल त्याला, योग्य वाटेल तेवढं’ असं असेल, तर तो विवेकाधीन ट्रस्ट आणि कर सर्वोच्च दराने. सल्लागार मंडळींना हा दुसरा प्रकार फार आवडतो, कारण त्यात लवचीकता असते. त्या लवचीकतेची किंमत आकड्यात सांगतो. समजा वर्षाचं करपात्र उत्पन्न ८ लाख. दोन लाभार्थी, प्रत्येकी निम्मा वाटा, दोघांना दुसरं उत्पन्न नाही. नव्या करप्रणालीत ४ लाखांपर्यंत कर नाही, म्हणजे एकूण कर शून्य. तेच उत्पन्न विवेकाधीन ट्रस्टचं असेल तर ३० टक्के आणि त्यावर ४ टक्के उपकर, म्हणजे २,४९,६०० रुपये. मध्यंतरी तर बंगळूरच्या प्रक्रिया केंद्रातून लहान ट्रस्टनाही सरसकट कमाल अधिभार जोडून मागण्या येत होत्या. नव्या प्रणालीत तसं धरलं तर दर ३९ टक्के, म्हणजे याच ट्रस्टला ३,१२,०००. आयकर अपिलीय न्यायाधिकरणाच्या मुंबईतल्या विशेष खंडपीठाने २०२५ मध्ये ठरवलं, की अधिभार उत्पन्नाच्या टप्प्यानुसारच लावायचा. ५० लाखांच्या आत उत्पन्न असेल तर तो शून्य. कोणाकडे अशी जुनी मागणी पडून असेल तर ती पुन्हा बाहेर काढा.

विवेकाधीन ट्रस्टलाही काही अपवाद आहेत. उदाहरणार्थ, एकाही लाभार्थ्याचं इतर उत्पन्न करमुक्त मर्यादेपलीकडे नसेल आणि कोणीही दुसऱ्या ट्रस्टचा लाभार्थी नसेल तर सर्वोच्च दर लागत नाही. पण दाल मिलचा भागीदार आणि पगारदार सून लाभार्थी असलेल्या घरात हा अपवाद कुठून बसणार?

तुमच्या बाबतीत सोपं आहे. लाभार्थी एकच, नातू. त्याचा वाटा शंभर टक्के, आणि सगळं उत्पन्न त्याचंच, हे डीडमध्ये स्वच्छ लिहा. अल्पवयीन मुलाचं उत्पन्न एरवी आईबापाच्या उत्पन्नात मिळवतात, पण कायद्यात नमूद अपंगत्व असलेल्या मुलाला त्यातून वगळलंय. म्हणजे कर त्याच्या स्वतःच्या पायऱ्यांनी. ठेवींचं उत्पन्न ४ लाखांच्या आत राहिलं तर खरोखरच शून्य. पण ते ट्रस्टमुळे नाही, मुलाचं उत्पन्नच कमी म्हणून. जुनी प्रणाली घेतली तर अपंगत्वाची ७५ हजारांची, तीव्र असेल तर सव्वा लाखाची वजावटही आहे. दरवर्षी दोन्ही करून बघायचं. प्रमाणपत्र मात्र चालू मुदतीचं हवं.

आणि ट्रस्ट अपरिवर्तनीय हवा. आप्पांनी परत घेण्याचा अधिकार राखला, किंवा न राखताही तसं वागले, तर उत्पन्न पुन्हा आप्पांच्याच नावावर करपात्र होतं. धुळ्याकडचे एक नाना अपरिवर्तनीय ट्रस्ट करून त्याच खात्यातून ट्रॅक्टरचा हप्ता भरत होते. विचारलं तर म्हणाले, "मना पैसा शे, माले कोन इचारी?" विचारणारे दोघे निघाले, आयकर खातं आणि त्यांचीच सून.

म्हणून हिशेब. यावर थोडा वेळ घेतो, कारण ट्रस्ट मोडतात ते डीडच्या भाषेमुळे कमी, वह्यांमुळे जास्त. न्यास अधिनियमाचं कलम १९ ट्रस्टीवर स्पष्ट, अचूक हिशेब ठेवण्याची आणि लाभार्थ्याने मागितला की दाखवण्याची जबाबदारी टाकतं. हा उपकार नाही, तो लाभार्थ्याचा हक्क.

ट्रस्टचं स्वतंत्र पॅन काढा. चौथं अक्षर ‘टी’ आलंय का बघा, घाईत व्यक्तीचं किंवा एचयूएफचं पॅन काढलेलं मी पाहिलंय. बँक खातं ट्रस्टच्या नावे, दोन सह्यांवर. मग वह्यांमध्ये पहिली रेघ ओढायची ती मूळ निधी आणि उत्पन्न यांच्यामध्ये. आप्पांनी दिलेले २५ लाख हा निधी. त्यावरचं व्याज हे उत्पन्न. दोन्ही एका खात्यावर लिहिलं की पाचव्या वर्षी कोणालाच सांगता येत नाही, की खर्च झाला तो व्याजातून की मुद्दलातून. निधी देताना देणाऱ्याचं पत्र घ्यायचं: मी अमुक, नातवासाठी, निधी म्हणून, परत न घेण्याच्या अटीवर, चेक क्रमांक अमुक. एका पानाचं पत्र, पण दहा वर्षांनी तपासणी आली की तेवढंच कामाला येतं.

तिसरं खातं लाभार्थ्याचं. वर्षाचं उत्पन्न त्यात जमा, फिजिओथेरपी, औषधं, शाळा, मदतनीस यांचा खर्च त्यात नावे, शिल्लक पुढे. घरखर्चाचं काय, हा इथला नेहमीचा तिढा. मूल घरातच राहतं, तेव्हा वीजबिलाचा, किराण्याचा वाटा ट्रस्टने द्यायचा का? मी सांगतो, देऊ नका. मुलासाठीच केलेला, पावती असलेला खर्च तेवढा घ्या. एकदा किराणा शिरला की दोन वर्षांनी स्वयंपाकघराची दुरुस्ती शिरते.

ठेवींची वही वेगळी: बँक, पावती क्रमांक, रक्कम, दर, मुदत, व्याज जमा झाल्याची तारीख, कापलेला टीडीएस. वर्षअखेर ती आयकर खात्याकडच्या वार्षिक माहिती विवरणाशी जुळवायची. मुदत संपल्यावर आपोआप नूतनीकरण झालेल्या ठेवीचं व्याज सगळ्यात जास्त सुटतं. व्याज हातात मिळेल तेव्हा धरायचं की उपार्जित, म्हणजे साचत जाईल तसं, हे पहिल्या वर्षी ठरवा आणि बदलू नका. दिवाळीला वहीपूजन खुशाल करा, पण हिशेब ३१ मार्चलाच बंद. धंदा नसलेल्या ट्रस्टला कायद्याने ऑडिट लागत नाही. तरी मी बाहेरच्या सीएकडून दरवर्षी तपासून घ्यायला सांगतो, आणि तो सीए दाल मिलचा नसावा. विवरणपत्र साधारणपणे आयटीआर-५ मध्ये जातं.

पैसा कुठे ठेवायचा? न्यास अधिनियमाच्या कलम २० प्रमाणे डीडमध्ये परवानगी लिहिलेली किंवा केंद्र सरकारने अधिसूचनेने नेमून दिलेली नसेल, अशी गुंतवणूक ट्रस्टीने करू नये. म्हणून राष्ट्रीयीकृत बँकांच्या ठेवी, सरकारी रोखे, ठरावीक प्रकारचे म्युच्युअल फंड असं नावानिशी लिहा. पतसंस्था मी सरळ वगळायला लावतो. अडकलेल्या ठेवींचं दुःख आपल्या जिल्ह्याला कोणी समजावून सांगायला नको, आणि बँकेच्या ठेवीला असलेलं ५ लाखांचं विमा संरक्षण पतसंस्थेला नाही. दोन टक्के जादा व्याजासाठी या मुलाचे पैसे पणाला लावायचे नाहीत.

कारभार. डीडमध्ये वेगळं लिहिलं नसेल तर सगळ्या ट्रस्टींनी मिळूनच निर्णय घ्यायचा असतो, आणि ट्रस्टीला आपलं काम दुसऱ्यावर ढकलता येत नाही. मानधनही डीडमध्ये असेल तरच. मी तीन ट्रस्टी सुचवतो: धाकटा भाऊ किंवा त्याची बायको, दोघांतला एकच, सुरतच्या ताई, आणि घराबाहेरचा एक, निवृत्त बँक अधिकारी किंवा शिक्षक, ज्याला या घराकडून काही घ्यायचं-द्यायचं नाही. तुम्ही स्वतः? दाल मिलचा माणूस ट्रस्टी असला की हंगामात खरेदीला पैसे कमी पडले की ‘दोन महिन्यांपुरते’ ट्रस्टकडे नजर जातेच. तुमचं नाव घेत नाही, हा मनुष्यस्वभाव आहे. ट्रस्टीने ट्रस्टचा पैसा स्वतःच्या फायद्याला वापरायचा नाही, हे कायद्यात आहेच; तरी डीडमध्ये सरळ लिहा की ट्रस्टी, त्यांचे नातेवाईक, त्यांच्या फर्म यांना कर्ज, उचल, हातउसने काहीही नाही. सभेचं बहुमत किती, कोणी वारला किंवा परदेशी गेला तर नवा ट्रस्टी कोण नेमणार, कोणाला कसं काढायचं, हेही त्याच दस्तात. ट्रस्टीपद एकदा स्वीकारलं की मनाला येईल तेव्हा सोडता येत नाही, हे त्या निवृत्त गृहस्थांना सहीआधी सांगा.

वर्षातून दोन सभा पुरतात. एक आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ठेवा. ताई माहेरी येणारच, ३१ मार्चचे हिशेब तोवर तयार असतात, सालदाराचा (वर्षाच्या बोलीवरच्या गड्याचा) करार त्याच दिवसांत होतो, घरात हिशेबाचीच हवा असते. ताळेबंद वाचायचा, ठेवींची वही दाखवायची, पुढच्या वर्षीच्या खर्चाचा अंदाज मंजूर करायचा, ठरावबुकात तारखेसह सह्या. दुसरी दिवाळीत. मोठ्या खर्चाच्या प्रत्येक पावतीवर ठराव क्रमांक. पुरणपोळी आणि आमरसाआधी ठरावबुक उघडा, नंतर कोणी सही करायला उठत नाही.

मुलगा १८ वर्षांचा झाला की आईबाप आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत, हे फार घरांना उशिरा कळतं. सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, मतिमंदत्व, बहुविकलांगता यांसाठी १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. त्याखाली जिल्हाधिकाऱ्यांकडच्या स्थानिक समितीपुढे अर्ज करून सज्ञान व्यक्तीसाठी पालक नेमून घ्यावा लागतो. तुमच्या हातात नऊ वर्षं आहेत, पण तारीख आत्ताच लिहून ठेवा. त्याच कायद्यातल्या निरामय योजनेत १ लाखापर्यंतचा आरोग्य विमा मिळतो, तो अजून काढला नसेल तर ट्रस्टच्याही आधी काढा. आणि पालक व पैसा सांभाळणारा ट्रस्टी, दोन्ही एकच माणूस ठेवू नका. पालकाने सांभाळ करायचा आणि खर्चाच्या पावत्या द्यायच्या, ट्रस्टींनी तपासून पैसे द्यायचे.

"बँक हात लावू शकत नाही" याचं एवढंच. धनको, म्हणजे कर्ज देणारे, बुडावेत किंवा त्यांची वसुली लांबावी या हेतूने केलेलं हस्तांतरण धनको रद्द करून घेऊ शकतो, मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५३. दाल मिलच्या सीसी लिमिटला (बँकेच्या कॅश क्रेडिट कर्जाला) आप्पांची वैयक्तिक हमी असणारच. मिल नीट चालू असताना, देणी भागवून उरलेल्या पैशातून नातवासाठी ठरावीक रक्कम बाजूला काढली तर ती टिकते. खातं थकल्यावर रातोरात केलेला ट्रस्ट टिकत नाही. आप्पांचा आजचा देणी-येणी तक्ता, बँकेची मंजुरीपत्रं आणि गहाणखतं डीडच्या फायलीत लावून ठेवा. ‘त्या दिवशी आम्ही सधन होतो’ याचा पुरावा तोच.

वारसा कर येतोय म्हणून घाई करा, असंही कोणी सांगेल. आपल्याकडचा मृत्यूकर १९८५ मध्ये गेला, संपत्ती कर २०१६ पासून नाही. पुढे काय येईल त्याच्या भीतीने आज मुद्रांक शुल्क भरण्यात अर्थ नाही.

तेव्हा क्रम असा ठेवा. आधी गाळ्यांची खरेदीखतं, सातबारा, आठ-अ, जुने फेरफार आणि ताईंचा काही कागद असेल तो, एवढं घेऊन वकिलाकडून मालकीचा अभिप्राय घ्या. मग आप्पा आणि आई दोघांची वेगवेगळी मृत्युपत्रं. डॉक्टरचा दाखला आणि लाभार्थी नसलेले दोन साक्षीदार. त्यानंतर ट्रस्ट डीड, पॅन, खातं आणि आप्पांच्या स्वतःच्या बचत खात्यातून पहिला चेक. तुमचे दहा लाख तूर्त तुमच्याच नावे ठेवीत राहू द्या, आणि त्यांचं एक कलम तुमच्या मृत्युपत्रात घाला.

डीडचा मसुदा इंग्रजीत आला तर मराठी भाषांतर मागून घ्या आणि आप्पांना, आईला आणि ताईंना एकत्र बसवून वाचून दाखवा. ज्या कलमावर तिघांपैकी कोणी थांबून "म्हणजे काय?" विचारेल, ते कलम सहीआधी पुन्हा लिहून घ्या.